शाळा सोडण्याचे कारण

गेल्या महिन्यात दोन दिवस गावी गेलो होतो, शाळेतून प्रवेश-निर्गम उतारा काढायला. ऑनसाइटचा योग (एकदाचा!) आलाय, आणि ऐन वेळी पासपोर्टवरच्या नावात आणि दाखल्यावरच्या नावात एका अक्षराचा फरक निघाला. तेव्हा सुट्टी टाकली, रात्रीची एसटी पकडली आणि सकाळी अकराला शाळेच्या ऑफिसात हजर.

कारकून काका अजून तेच आहेत. त्यांनी कपाटातून आमच्या वेळचं जनरल रजिस्टर काढलं, टेबलावर पसरलं आणि "शोध तुझं तू" म्हणून चहा सांगायला गेले. हे रजिस्टर ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, ही शाळेची मास्टर टेबल. एक विद्यार्थी, एक ओळ. नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख. आणि शेवटी एक अरुंद रकाना: शाळा सोडण्याचे कारण.

माझ्या ओळीत 'इयत्ता दहावी उत्तीर्ण' होतं. त्याच पानावर वर माझ्या बाकावरच्या मित्राची ओळ होती. पाचवीपासून नववीपर्यंत आम्ही शेजारी बसलो. त्याच्या रकान्यात निळ्या शाईत लिहिलं होतं: 'पालकांचे स्थलांतर'.

आता गंमत अशी, की त्याच्या वडिलांचं पंक्चरचं दुकान तेव्हाही एसटी स्टँडसमोर होतं, आजही तिथेच आहे. शाळेपासून चालत चार मिनिटं. त्याच दिवशी सकाळी मी तिथे उभा राहून चहा प्यायलो होतो, आणि तो एका स्कूटरच्या ट्यूबचं पंक्चर पाण्यात शोधत होता.

खरं काय झालं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तो नववीत गणित आणि इंग्रजीत गेला. शाळेने वडिलांना बोलावून सांगितलं, दाखला घेऊन जा, बाहेरून १७ नंबरचा फॉर्म भरा. फॉर्म कधीच भरला गेला नाही. पुढच्या वर्षी दहावीचा आमच्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागला, चौकात फ्लेक्स लागला, त्यावर माझाही फोटो होता.

परतीच्या एसटीत एकच प्रश्न डोक्यात होता. एखाद्या शाळेतून किती मुलं मधेच सुटतात, ज्याला आपण गळती म्हणतो, ती मोजायची कशी? राज्याची किंवा देशाची नाही, एका शाळेची. मला वाटलं होतं हे सोपं असेल. आले किती, गेले किती, एक साधी क्वेरी. पुण्यात आल्यावर तीन वीकेंड वाचत बसलो तेव्हा कळलं, की या क्वेरीवर गेली शंभर वर्षं डोकेफोड चालू आहे आणि प्रत्येक व्हर्जनमध्ये नवा बग निघालाय.

पहिली पद्धत: वजाबाकी

सायमन कमिशन आपल्याला शाळेत 'परत जा'च्या घोषणेपुरतंच भेटतं. पण त्या कमिशनने शिक्षणासाठी एक पोटसमिती नेमली होती. अध्यक्ष सर फिलिप हार्टोग. हे मूळचे रसायनशास्त्राचे माणूस, ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. १९२९ साली या समितीचा अहवाल आला. त्यातला एक आकडा पुढे अनेक वर्षं सगळीकडे उद्धृत होत राहिला: १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या दर १०० मुलांमागे १९२५-२६ साली चौथीत फक्त १८ होती.

समितीने दोन शब्द रूढ केले. मूल प्राथमिक शिक्षण पुरं होण्याआधी शाळा सोडतं ती 'गळती', आणि एकाच इयत्तेत वर्षापेक्षा जास्त राहतं ते 'स्थगन'. व्याख्या उत्तम. घोळ आकड्यात आहे. १०० वजा १८ म्हणजे ८२ मुलं शाळा सोडून गेली, असं कोणीही वाचेल. पण तसं ते नाही.

हे मी कागदावर मांडून बघितलं, तुम्हीही बघा. समजा एका शाळेत दरवर्षी पहिलीत ४० नवी मुलं येतात. पहिलीतली निम्मी मुलं दरवर्षी नापास होतात, पण शाळा कोणीच सोडत नाही. दुसरीपासून पुढे सगळे पास. काही वर्षांनी ही शाळा स्थिरावते तेव्हा पहिलीच्या वर्गात ४० नवे आणि ४० जुने असे ८० बसलेले असतात, आणि चौथीत ४०. हार्टोगच्या हिशोबाने या शाळेची घट ५० टक्के. प्रत्यक्षात शाळा सोडलेलं मूल एकही नाही! पहिलीचा वर्ग तेव्हा खरोखरच असा तुंबलेला असायचा. म्हणजे ८२ मध्ये सुटलेले किती आणि अडकलेले किती, हे त्या एका वजाबाकीतून कळायला मार्गच नव्हता.

आणि कोणती शाळा, हे तर अजिबातच नाही. आकडा अख्ख्या ब्रिटिश हिंदुस्थानचा. पण त्यावरून निघालेला सल्ला मात्र प्रत्येक गावाला लागू झाला: घाईघाईने विस्तार नको, सक्ती नको, आधी आहेत त्या शाळा सुधारा. नव्या शाळांवर खर्च करणं म्हणजे गळक्या हौदात पाणी ओतणं, असा एकूण सूर. याविरुद्ध जे बोलले त्यांत आपले रा. वि. परुळेकर होते. मुंबई महापालिकेच्या प्राथमिक शाळांचा कारभार पाहिलेला हा माणूस. १९३९ साली त्यांनी हिंदुस्थानातल्या साक्षरतेवर पुस्तक लिहून उलट बाजू मांडली: आधी शाळा सगळ्यांपर्यंत पोचू द्या. हा वाद पुढे अनेक वर्षं चालला. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) पहिली-दुसरी हे एकच सलग युनिट धरा, मधे नापास करू नका, असं सुचवलं. आजकाल रिपीटर वेगळे मोजतात. किती वर गेले, किती तिथेच राहिले, आणि उरले ते गळाले. बग फिक्स.

पण फक्त जिल्हा-राज्य पातळीवर. एका शाळेपाशी आलात की दुसराच प्रश्न उभा राहतो. जिल्ह्यात एका शाळेतून मूल गेलं आणि दुसऱ्या शाळेत आलं तर बेरीज तीच राहते. शाळेला ती सोय नाही. तिच्या दारातून बाहेर पडलेलं मूल शेजारच्या इंग्रजी मिडियममध्ये गेलं, वीटभट्टीवर गेलं की सासरी गेलं, वजाबाकीला सगळं सारखंच. वर शाळा किती छोट्या असतात बघा. २३ पटाच्या वस्तीशाळेतून एका कुटुंबाची तीन भावंडं गेली की गळती १३ टक्के. ते कुटुंब परत आलं की शून्य. असल्या आकड्यावरून त्या शाळेच्या बाईंना बक्षीस किंवा नोटीस देणं हा नुसता सट्टा आहे.

म्हणजे एका शाळेची गळती मोजायची तर गेलेल्या प्रत्येक मुलामागे 'कुठे गेलं' हे लिहायला हवं. झाली दुसरी पद्धत. आणि ती सगळ्यात धडाक्यात राबवली ती अमेरिकेतल्या टेक्सासने.

दुसरी पद्धत: कारणाचा कोड

१९९० च्या दशकात टेक्सासने शाळांना श्रेणी द्यायला सुरुवात केली. निकष मुख्यतः परीक्षेचे मार्क आणि गळतीचं प्रमाण. आकडे भराभर सुधारले, आणि 'टेक्सासचा चमत्कार' हा शब्दप्रयोग जन्माला आला. ह्यूस्टन हे त्या चमत्काराचं शोकेस. तिथल्या शाळांचे प्रमुख रॉड पेज २००१ साली थेट देशाचे शिक्षणमंत्री झाले. २००१-०२ साली ह्यूस्टनने आपली गळती दाखवली होती १.५ टक्के.

टेक्सासमध्ये शाळा सोडणाऱ्या प्रत्येक मुलामागे कारणाचा कोड भरावा लागे. दुसऱ्या शाळेत गेला, मायदेशी परतला, समकक्ष परीक्षेची तयारी करतोय... असे कितीतरी कोड. यातले बरेच लावले की मूल गळतीत धरलं जात नसे. आपल्यातल्या ज्यांनी प्रॉडक्शन सपोर्ट केलाय त्यांना हे लगेच कळेल. तिकीट 'सोडवलं' म्हणून बंद करा, 'डुप्लिकेट' म्हणून बंद करा, 'यूजरकडून उत्तर नाही' म्हणून बंद करा. डॅशबोर्ड हिरवा, यूजर अजून बोंबलतोय.

ह्यूस्टनमध्ये शार्पस्टाउन नावाचं हायस्कूल होतं, १,६५० विद्यार्थ्यांचं. त्या वर्षी तिथून ४६३ मुलं बाहेर पडली. त्यातली गळती म्हणून नोंदली गेलेली किती? शून्य. एकही नाही. तिथले सहायक मुख्याध्यापक रॉबर्ट किंबल यांना हे काही पचलं नाही. त्यांनी केलं काय, तर हार्टोगचीच ओबडधोबड वजाबाकी. नववीत हजारभर मुलं येतात, बारावीत तीनशेसुद्धा उरत नाहीत, आणि गळलं कोणीच नाही? ते टीव्हीवर बोलले, जुलै २००३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बातमी केली. राज्याने ह्यूस्टनच्या १६ शाळांची २०००-०१ ची कागदपत्रं तपासली तेव्हा निघालं, की सोडून गेलेल्या सुमारे ५,५०० मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलांना गळती म्हणून धरायला हवं होतं आणि धरलेलं नव्हतं.

आणि ती तुंबलेली नववी! टेक्सासमध्ये पदवीसाठीची राज्याची परीक्षा तेव्हा दहावीत सुरू व्हायची. बॉस्टन कॉलेजचे वॉल्ट हेनी यांनी २००० सालीच दाखवलं होतं, की कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं नववीत अडकवून ठेवण्याचं प्रमाण वाढत चाललंय. कच्ची मुलं दहावीत गेलीच नाहीत तर दहावीचा निकाल सुधारतोच. हे वाचताना मी लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. नववीत गणित, इंग्रजीत गेलेला माझा मित्र, शंभर टक्के निकाल, चौकातला फ्लेक्स. ह्यूस्टनमध्ये कोड होता, आमच्याकडे निळी शाई. बाकी फरक शून्य.

मला वाटतं टेक्सासची चूक कोड ठेवण्यात नव्हती. ज्या शाळेची श्रेणी त्या कोडवर ठरणार, तिलाच तो एकटीने भरू दिला आणि पुरावा मागितला नाही, ही चूक. आपण डेव्हलपरला स्वतःचंच टेस्टिंग साइन-ऑफ करू देत नाही, त्यातलाच प्रकार.

तिसरी पद्धत: मुलाच्या मागे जा

पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या रॉबर्ट बाल्फान्झ आणि नेटी लेगटर्स यांनी किंबलची वजाबाकी देशभर लावली. नियम एकच: तीन वर्षांपूर्वीच्या नववीच्या तुलनेत आजची बारावी किती? साठ टक्के किंवा कमी असेल तर ती शाळा यादीत. कोड बघायचेच नाहीत. सुमारे २,००० हायस्कुलं यादीत आली, आणि देशातली जवळपास निम्मी गळती या एवढ्या शाळांतून होत होती. पद्धत ढोबळच होती, रिपीटरचा बग तिच्यातही होता. पण पहिल्यांदाच 'देशात गळती आहे' याच्याऐवजी 'या या शाळांत आहे' असं बोट ठेवता आलं. मग मदत तिथे पाठवता येते. १९२९ च्या आकड्याला हेच जमलं नव्हतं.

२००८ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने सगळ्या राज्यांना एकच सूत्र बांधून दिलं. नववीत पहिल्यांदा आलेल्या मुलांची यादी धरा. बदलून आलेली मुलं मिळवा, बदलून गेलेली वजा करा, आणि चार वर्षांनी किती पास झाली ते बघा. यातली खरी मेख एका अटीत आहे. 'बदलून गेला' म्हणून मूल यादीतून काढायचं तर ते दुसरीकडे दाखल झाल्याचा लेखी पुरावा हवा. पुरावा नाही तर मूल तुमच्याच खात्यावर. पहिला देशव्यापी आकडा २०१०-११ चा आला, ७९ टक्के; २०१८-१९ मध्ये तो ८६ झाला. एवढ्याने लबाडी संपते अशातला भाग नाही, पण आता तिला कागद लागतो.

आणि आपण?

आपल्याकडे शाळानिहाय संगणकीय माहिती १९९४ नंतर जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमातून सुरू झाली, 'डाइस' नावाने. पुढे तिचं 'यू-डाइस' झालं. बरीच वर्षं मोजणीची तारीख ठरलेली, ३० सप्टेंबर. आता बीडकडच्या ऊसतोड कामगारांचं वर्ष आठवा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला कोयते निघतात आणि पाडव्याच्या आसपास परततात. ३० सप्टेंबरला मूल वर्गात, पट पूर्ण. डिसेंबरात तेच मूल कारखान्याच्या तळावर धाकट्या भावाला सांभाळतंय. पुढच्या सप्टेंबरला परत हजर. या शाळेची गळती शून्य, आणि मूल निम्मं वर्ष शाळेबाहेर. साखरशाळा निघाल्या त्या यासाठीच.

आपल्याकडे अजून एक गाठ आहे. शिक्षकांची पदं पटावर मंजूर होतात. मूल गेलं म्हणून नाव कमी केलं तर शिक्षक अतिरिक्त ठरायची भीती. म्हणजे टेक्सासची शाळा मूल 'बदलून गेलं' म्हणायची, तर आमची शाळा ते 'गेलंच नाही' म्हणणार! ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली. माझी बहीण तेव्हा चौथीत होती, बोटाला लावलेली शाई ती आठवडाभर सगळ्यांना मिरवत दाखवत होती. त्या तीन दिवसांत पटावर असलेली लाखो नावं वर्गात सापडली नाहीत. त्यातली किती पहिल्यापासून खोटी आणि किती कधीतरी खरी असून निसटलेली, हे शाई सांगू शकत नव्हती.

मग २०१५ मध्ये राज्याची 'सरल' आली, प्रत्येक मुलाला एक नंबर. २०२२-२३ पासून यू-डाइस प्लसमध्येही देशभर शाळेच्या बेरजेऐवजी एकेका मुलाची नोंद घेतात. २०२१-२२ मध्ये देशातली पटसंख्या साधारण साडेसव्वीस कोटी होती, २०२३-२४ मध्ये २४.८ कोटी. पावणेदोन कोटींचा फरक. त्यात कमी झालेले जन्म आहेत, दुबार नावं आहेत, आणि दोन्हीत न बसणारी मुलंही असणारच. आधीच्या आकड्यांशी सरळ तुलना करू नका, असं सरकारच सांगतं. या पोर्टलमध्ये एक 'ड्रॉपबॉक्स' आहे. शाळेने मूल सोडलं की ते तिथे जातं आणि दुसरी शाळा उचलून घेईपर्यंत तिथेच थांबतं. मला ही रचना मनापासून आवडली. शाळेने कारण काहीही लिहो, उचललं गेलं नाही तर मूल ड्रॉपबॉक्समध्ये दिसत राहणार. 'पालकांचे स्थलांतर' लिहून पान उलटता येणार नाही.

पण दिसणं आणि कोणीतरी बघणं यात फरक आहे. ड्रॉपबॉक्समधल्या त्या नावाच्या घरी जायला शेवटी त्याच वर्गाच्या बाई लागतात, ज्यांच्या मागे आधीच चार सर्वे असतात. आणि त्या गेल्या, खरं कारण घेऊन आल्या, तर त्यांच्या शाळेचा आकडा बिघडणार. जोपर्यंत आकडा मुख्यतः शिक्षा द्यायला वापरला जातो तोपर्यंत तो खोटाच भरला जाणार, मग सिस्टिम निळ्या शाईची असो वा क्लाउडवरची. बाल्फान्झच्या यादीचा उपयोग मदत कुठे पाठवायची हे ठरवायला झाला म्हणून ती मोलाची. माझ्या तीन वीकेंडचं सार एवढंच आहे.

असो. उतारा मिळाला, नावाचं काम झालं. निघताना परत दुकानावर थांबलो आणि मित्राला रजिस्टरची गोष्ट सांगितली. मला वाटलं चिडेल. तो हसायलाच लागला. "स्थलांतर? अरे, बारा वर्षांत हा कॉम्प्रेसरसुद्धा जागचा हलला नाही." मग हात पुसत पुसत म्हणाला, "तो सतरा नंबर अजून भरता येतो का रे?"

येतो. वयाची वरची अट नाही. मूळ दाखला लागतो, तो त्याच्या आईने लोखंडी पेटीत जपून ठेवलाय, 'पालकांचे स्थलांतर'सकट. यंदा फॉर्म निघाले की ऑनलाइन मी भरतोय. गणिताचं बघू, इंग्रजी रविवारी फोनवर घ्यायचं ठरलंय. ऑनसाइटला गेलो तरी.